पहिल्या थंडीची शाकारणी

आमच्या रत्नागिरीत पाणी गोठत नाही. पौष-माघात पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते, खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि ती बाटली उन्हात नेऊन ठेवावी लागते. थंडीची आमची मजल एवढीच! त्यामुळे "थंडीने नळ फुटला" असे इथे कोणाला सांगितले तर ऐकणारा आधी हसेल आणि मग प्लंबरला नावे ठेवील.

पण मंडळी, जगातल्या फार मोठ्या भागात हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. राजे, लढाया, तह, सनावळ्या सगळे शिकवले. माणसाने घरातले पाणी थंडीपासून कसे सांभाळले, हा धडा मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि घरातल्याच एका प्रसंगाने या विषयाची गोडी लागली. तो प्रसंग पुढे येईलच. आधी थोडी पूर्वपीठिका.

बहुतेक पदार्थ थंड झाले की आक्रसतात. पाणीही आक्रसते, पण चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा फुगू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १६५७ साली स्थापन झालेल्या एका विद्वानमंडळाने धातूचे पोकळ गोळे पाण्याने भरून, तोंड बंद करून, गोठवून पाहिले. गोळे फुटले. पुढे १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेक येथे मेजर विल्यम्स नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने लोखंडी तोफगोळ्यांत पाणी भरले, वर लोखंडी बूच ठोकले आणि ते रात्रभर बाहेर ठेवले. एका गोळ्याचे बूच चारशे फुटांहून लांब उडाले! बंदुकीची दारू नाही, ठिणगी नाही, नुसते पाणी आणि एक थंड रात्र. तोफगोळ्याची ही कथा, तर बोटभर जाडीच्या नळाची काय?

इथे एक गंमत आहे. नळात जिथे बर्फ धरतो, नेमका तिथेच तो फुटतो असे नाही. बर्फाचा बोळा नळात वाढू लागला की तो पुढचे पाणी बंद तोटीकडे ढकलतो. बोळा आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नसते. दाब वाढत वाढत जातो आणि नळ आपल्या सगळ्यांत दुबळ्या जागी तडकतो. थंड देशांतली जाणती माणसे कडाक्याच्या रात्री तोटी थोडी सैल सोडून ठेवतात, थेंब थेंब गळू देतात, ते यासाठीच. वाहत्या पाण्याला गोठायला वेळ लागतो आणि कोंडलेल्या दाबालाही वाट मिळते. आपल्याकडे गळकी तोटी म्हणजे लक्ष्मी बाहेर जाते म्हणून ओरडा करतात, आणि तिकडे तीच गळती घर वाचवते!

दुसरी गंमत म्हणजे नळ रात्री तडकतो, पण ते कळते दुसऱ्या दिवशी दुपारी. बर्फ आत असेतो तडा बुजलेला असतो. ऊन पडले, बर्फ सुटला, की भिंतीतून धार लागते. म्हणून निर्धास्त झालेला माणूस दुपारी फसतो.

आता कोणी म्हणेल, पारा शून्याखाली गेल्याशिवाय हे होणार नाही आणि पारा कळायला हवामानखाते आहे. पण थंडीची रात्र एवढी सरळ नसते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरची वस्तू आपली ऊब थेट आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात काही हिवाळ्यांत पहाटे दवबिंदू गोठतात, मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्या वेळी हवेतला पारा बहुधा शून्याच्या वरच असतो. टपाने मात्र रात्रभर आकाशाला ऊब वाटलेली असते.

ही किमया आपल्या देशातल्या कारागिरांना फार पूर्वी ठाऊक होती. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी लिहिलेल्या निबंधात अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची रीत वर्णिली आहे. मोकळ्या माळावर दोन फूट खोल, तीसेक फूट लांबरुंद खळगे खणायचे. त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरायची, म्हणजे खालून जमिनीची ऊब लागणार नाही. त्यावर उथळ, सच्छिद्र मातीच्या परळांच्या रांगा मांडायच्या आणि दिवेलागणीला त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे. सूर्य उगवायच्या आत परळांत बर्फाच्या पापड्या तयार! त्या गोळा करून पेंढा आणि घोंगड्या यांनी मढवलेल्या खोल खड्ड्यात साठवायच्या, उन्हाळ्यासाठी. यामागचे शास्त्र विल्यम वेल्स या डॉक्टरने दवावरच्या आपल्या निबंधात मांडले, ते १८१४ साली. कारागिरांचे काम मात्र शास्त्राची वाट पाहत थांबले नव्हते.

अलाहाबादच्या कारागिराने तीन गोष्टी जुळवून आणल्या होत्या. मोकळे आकाश, जमिनीपासून तोडलेले भांडे आणि थोडेसे पाणी. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कारण पुढे माणसाने चाकांवरचे घर बांधले, तेव्हा याच तिन्ही गोष्टी त्याने नकळत आपल्या घराच्या पोटाखाली जमवून आणल्या.

हौसेखातर चाकांवरच्या घरातून हिंडण्याची रीत साहेबाच्या देशात सुरू झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने १८८५ साली घोड्यांनी ओढायचे एक सुंदर लाकडी घर बांधून घेतले, त्याचे नाव ठेवले 'वाँडरर' म्हणजे भटक्या, आणि त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत फिरून आला. त्याच्या गाडीत पुस्तके होती, व्हायोलिन होते, नळ मात्र नव्हता. पाणी डब्यातून भरून आणायचे. डब्यातले पाणी गोठले तर डबा शेकोटीजवळ ठेवायचा, संपले. नळच नाही तर फुटणार काय?

मग मोटारी आल्या. अमेरिकेत १९१९ साली फ्लॉरिडातल्या टॅम्पा गावी 'टिन कॅन टूरिस्ट' नावाचा भटक्यांचा संघ निघाला. डब्यातले अन्न खात, मोटारीला तंबू बांधून फिरणारी ही माणसे. थंडीवर त्यांचा उपाय सगळ्यांत जुना, म्हणजे पक्ष्यांचा. थंडी पडायच्या आत दक्षिणेकडे निघून जायचे.

१९३६ साली 'एअरस्ट्रीम' कंपनीची 'क्लिपर' नावाची, विमानासारखी चकचकीत गाडी बाजारात आली. तिच्यात विजेचे दिवे होते, चौघांची झोपायची सोय होती आणि स्वतःचा पाण्याचा साठा होता. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर अशा गाड्यांत सोयी वाढत गेल्या. दाबाने पाणी देणारा पंप आला, गरम पाण्याची टाकी आली, शॉवर आला, फ्लशचा संडास आला, सांडपाण्याच्या टाक्या आल्या. १९६० च्या दशकात 'विनेबागो' कंपनीने ही घरे कारखान्यात रांगेने बांधायला घेतली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. प्रत्येक सोयीबरोबर गाडीच्या पोटातला नळ काही हात वाढला.

घराच्या नळाला भिंतींची आणि जमिनीची ऊब असते. थंड देशांत रस्त्याखालचे नळ गोठणरेषेच्या खाली पुरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या राज्यात ही खोली सात-आठ फूट भरते. चाकांवरच्या घराला यातले काहीच नाही. पातळ भिंती, खालून मोकळा वारा, वर आकाश, आणि करंगळीएवढ्या नळांत पेलाभर पाणी. अलाहाबादच्या परळाचीच ही गत! त्याच्या मालकाला हवे होते ते या मालकाला नको आहे, एवढाच फरक.

आता तो घरातला प्रसंग. माझी थोरली बहीण, आमची आक्का, २०२० च्या जानेवारीत लेकीकडे अमेरिकेत गेली. डेन्व्हरजवळ तिची लेक-जावई राहतात. सहा महिन्यांनी परतायचे, तर मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि आक्का तिकडेच अडकली. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि दवाखान्यात जायचीही भीती. त्या उन्हाळ्यात घरात कोंडून कंटाळलेल्या लेक-जावयाने एक जुने मोटारहोम विकत घेतले. माणसांत न मिसळता हिंडता येते, म्हणून तेव्हा तिकडे पुष्कळांनी घेतले होते.

सप्टेंबरचा पहिला सोमवार ही त्यांची कामगार दिनाची सुट्टी. २०२० साली ती ७ तारखेला आली. शनिवारी, ५ तारखेला, डेन्व्हरमध्ये पारा १०१ फॅरनहाइटवर, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर गेला होता. डोंगरांत वणवे पेटलेले, हवेत धूर. आणि हवामानखाते सांगत होते की मंगळवारी बर्फ पडणार! ही मंडळी डोंगरात नऊ हजार फुटांच्या आसपास एका तळावर होती. जावई म्हणाला, सप्टेंबरात कसली थंडी, हिवाळ्याची तयारी तर आपण ऑक्टोबरात करतो. सोमवारी संध्याकाळी भाचीचा मला फोन आला. बोलता बोलता तिने हे हसत सांगितले. मागून आक्काचा आवाज ऐकू येत होता.

"अगो, मृग तारखेला येतो म्हणून पाऊस थांबलाय का कधी? शाकारणी पाऊस दिसायच्या आधी करायची असते. ते पाणी काढून टाका आधी सगळं."

आक्काला त्या गाडीतले तंत्र काडीचे कळत नव्हते. पण तिचे सगळे लहानपण कौलारू घरात गेलेले. रोहिणी नक्षत्र लागले की वडील माणसे लावून कौले परतून घेत, फुटकी बदलत, पडवीला झड्या बांधत. मृगाच्या आत हे संपलेच पाहिजे. एका वर्षी गडी मिळेनात म्हणून आठ दिवस राहिले आणि वळवाने माजघरातली भाताची कणगी भिजली. ती गोष्ट आमच्या घरात पुढे वीस वर्षे सांगितली जाई.

जावयाने सासूबाईंचा मान राखला. (फोन ठेवल्यावर लेकीने डोळे वटारले असावेत, हा माझा तर्क!) पंप बंद केला. गरम पाण्याची टाकी निवू दिली आणि मग तिचे बूच काढून ती रिकामी केली. गाडीच्या पोटाखाली, नळाच्या सगळ्यांत खालच्या वळणावर, पाणी सोडायच्या दोन तोट्या असतात, गरम पाण्याची एक आणि थंडाची एक. त्या उघडल्या. आतल्या सगळ्या तोट्या, शॉवर, संडासाचा फ्लश उघडा टाकला, म्हणजे वरून हवा शिरून पाणी खाली उतरते. गाडीच्या मागे पाय धुवायला बाहेर एक शॉवर असतो, तो हमखास विसरतो. तोही उघडला. चाकांत हवा भरायच्या छोट्या पंपाने नळांत बेताची हवा सोडून उरलेले पाणी हुसकले. मोरीच्या खालच्या बाकदार नळीत नेहमी घोटभर पाणी राहते, वास येऊ नये म्हणून. तिथे न गोठणारे गुलाबी औषध ओतले. प्यायचे पाणी पातेल्यांत आणि बाटल्यांत काढून घेतले होते. बाटल्या काठोकाठ भरू नका, वर जागा ठेवा, हेही आक्कानेच सांगितले म्हणे.

मला इकडे दिवसभर चैन नव्हती. नळाचे जाऊ दे, तो बदलता येतो. पण त्या थंडीत, त्या उंचीवर, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि पाणी फुटून गाद्या-गालिचे भिजले असते तर? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बर्फ पडला होता. बाहेर विसरलेल्या बादलीवर जाड झाकण धरले होते. दुपारी शेजारच्या गाडीखालून पाण्याची धार लागली, तेव्हा ती माणसे गडबडून बाहेर आली. आमच्या मंडळींनी पातेल्यातल्या पाण्याचा चहा केला आणि रस्ता मोकळा झाल्यावर खाली उतरली.

त्या गुलाबी औषधाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यालाही इतिहास आहे. पाण्यात एखादा पदार्थ विरघळवला की ते शून्याच्या खाली जाऊनही लवकर गोठत नाही. मोटारीच्या रेडिएटरमध्ये यासाठी १९२० च्या दशकापासून इथिलीन ग्लायकॉल वापरात आले. ते चवीला गोडसर आणि पोटात गेले तर जीवघेणे. म्हणून पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या नळांत ते चालत नाही, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. नावे सख्ख्या भावंडांसारखी, गुण मात्र वेगळे. आपल्या मुंबईने या कुळातल्या तिसऱ्या भावाचा, डायइथिलीन ग्लायकॉलचा, अनुभव घेतला आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून ते रुग्णांच्या पोटात गेले आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला तो त्यासाठी. नाव पुरते वाचल्याशिवाय डबा उघडू नये हे बरे.

आता आक्काच्या बोलण्याकडे पुन्हा वळते. ती म्हणाली त्यात या सगळ्या इतिहासाचे सार आहे असे मला वाटते. मोठे नुकसान कुठे होते? जिथे दरवर्षी कडाका असतो तिथे तुलनेने कमी, कारण तिथल्या माणसांच्या आणि गवंड्यांच्या हाडांत तयारी मुरलेली असते. नुकसान होते ते थंडी पाहुण्यासारखी अवचित येते तिथे. लंडन काही उष्ण शहर नव्हे. पण १८९५ च्या फेब्रुवारीत तिथे असा गारठा पडला, की रस्त्याखालचे नळदेखील गोठले आणि लोकांना चौकाचौकात लावलेल्या उभ्या नळांवर बादल्या घेऊन रांगा लावाव्या लागल्या. लंडनच्या नेहमीच्या हिवाळ्याला पुरेल एवढ्याच खोलीवर ते पुरलेले होते.

अगदी अलीकडचे उदाहरण टेक्सासचे. ह्युस्टन, डॅलस, ऑस्टिन इथे आपली मराठी कुटुंबे पुष्कळ. तिथे उन्हाळा आपल्या विदर्भासारखा. म्हणून घरे बांधली ती उकाडा बाहेर ठेवायला. पाण्याचे नळ माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले. २०२१ च्या फेब्रुवारीच्या मध्यात तिथे गारठ्याची लाट आली. वीज गेली, सुमारे पंचेचाळीस लाख घरे अंधारात. वीज नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून माळ्यावरचे नळ फुटले, फुटक्या नळांतून पाणी गेले म्हणून शहरांच्या जलवाहिन्यांतला दाब उतरला, आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्या असे सांगावे लागले. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे त्या लाटेत २४६ माणसे गेली. आमच्या ओळखीतल्या एका घरात छतातून पाणी आले तेव्हा ती मंडळी स्वयंपाकघरात बर्फ वितळवून संडासाला पाणी करत होती.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात माळ्यावर उघडे नळ मांडून गोठवून पाहिले होते. साधारण उणे सात सेल्सिअसच्या आसपास धोका सुरू होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्ञान होते. कमी पडली ती सवय. जे संकट एका पिढीत एकदाच येते, त्याची तयारी कोणाच्या पंचांगात नसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे, हे वाचून मला मौज वाटली. भारताचे अंटार्क्टिकावरचे काम चालते ते गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून! त्याआधीही या मोहिमांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या संस्थेतल्या आपल्या मराठी शास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. त्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे बर्फावर उभारले. पुढे ते बर्फातच गाडले गेले. १९८९ साली 'मैत्री' हे दुसरे ठाणे सुरू झाले, ते मात्र खडकावर आणि प्रियदर्शिनी नावाच्या गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी. सरोवरातले पाणी ठाण्यापर्यंत आणणाऱ्या नळाला वेष्टण आणि ऊब, दोन्ही द्यावी लागते. जिथे नारळाचे तेल थिजले तरी थंडी वाढली म्हणतात, त्या किनाऱ्यावर बसून माणसे हे नळ सांभाळण्याचा विचार करतात. थंडीत जन्मल्याशिवाय थंडी कळत नाही असे थोडेच आहे? तिथे थंडी येणार हे गृहीत धरलेले असते, एवढेच.

आपल्या नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांनाही ही सवय लागली आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री शेतकरी बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचे पाणी सोडतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. घड तडकू नयेत म्हणून चाललेली ही धडपड. टेक्सासच्या गळत्या तोटीची आणि निफाडच्या पहाटेच्या ठिबकाची कधी भेट झाली नसेल, पण दोघींचा मार्ग एकच, पाणी हलते ठेवायचे.

आणि आपण कोकणातले? आपल्याला गोठण्याची भीती नाही, पण तारीख चुकण्याची आहे. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आला, दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत पोचला आणि २६ तारखेला मुंबईत, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. म्हणजे मृग सोडा, रोहिणी लागते न लागते तोच! आमच्या आळीत कितीतरी घरांची कौले अंगणात उतरवून ठेवलेली, लाकडे पडवीबाहेर, आंबा झाडावर. मच्छीमारांच्या कितीतरी होड्या अजून पाण्यात. वर्षानुवर्षे मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा आपला हक्काचा आठवडा, असा सगळ्यांचा हिशेब होता. तो आठवडाच पावसाने उचलून नेला. पन्नास वर्षांचा अनुभव असलेली माणसे त्या दिवशी प्लास्टिकचे कागद शोधत पळत होती.

डेन्व्हरचा जावई आणि आमच्या आळीतली माणसे यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघेही कॅलेंडरवर विसंबले. जुन्या माणसांनी नक्षत्रांच्या तारखा बांधून दिल्या, त्या आळस करू नये म्हणून. ती शेवटची मुदत होती. आपण तिलाच सुरुवात समजू लागलो. आता तर ऋतूच आपल्या तारखा पाळेनासे झाले आहेत. अशा वेळी मुदत अलीकडे ओढून घेणे एवढेच आपल्या हातात उरते.

आक्का २०२१ साली परत आली. भाचीकडे आता ऑगस्ट संपला की पहिल्या रविवारी गाडीचे पाणी सोडतात आणि पुढच्या प्रत्येक सहलीला लागेल तेवढेच भरतात. त्या कामाला त्यांच्या घरात इंग्रजी नाव नाही. डेन्व्हरमध्ये वाढलेली नातवंडे "आज शाकारणी आहे" असे म्हणतात. कौल कसे दिसते ते त्यांनी अजून पाहिलेले नाही. यंदा येणार आहेत म्हणे, मे महिन्यात. पहिल्या आठवड्यातच या, असे मी कळवले आहे.